अण्णाप्पा मगदुमाचं सोवळं

कोल्हापुरात राहून कांदा-लसणाची चटणी कांडून न देणारा गिरणवाला म्हणजे शिवाजी पेठेतला अण्णाप्पा मगदूम. बाई मिरच्यांचं पोतं घेऊन पायरी चढली की हा आधी पोत्यात नाक घालायचा. लसणाचा वास आला की पोतं तसंच खाली. "जैनाची गिरण हाय मावशी. लसूण न्या पलीकडच्या गल्लीत." ह्या एका हट्टापायी त्यानं निम्मं गिऱ्हाईक घालवलं, आणि घालवलं ह्याचाच त्याला ताठा होता.

हाच ताठा घेऊन तो गल्लीतल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, उभा राहायचा. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, मूर्तीवर पहिला कलश ओतायचा मान मगदुमांच्या थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या शाखेचा. तेवीस वर्षं तो अण्णाप्पाकडं होता. कलश वर्षातनं एकदा, पण राखणदारी तो बारा महिने करायचा. कुणाचं बोट कापलंय, कुणाला सुतक आहे, कोण आंघोळ करून परत रस्त्यावर चहा पिऊन आलंय, ह्याची खबर त्याला उपाध्येंच्या आधी. उपाध्ये पुजारी असून त्यालाच दबून असायचे. एका वर्षी चौगुल्यांचा ऐंशीचा म्हातारा अभिषेकाला आला. धोतराच्या आत लघवीची पिशवी लावलेली. अण्णाप्पानं दारातच आडवा हात धरला.

"काका, भाईरनंच हात जोडा. देव तितनंबी दिसतोय."

म्हातारा चपला शोधत वाकला तेव्हा पिशवीची नळी धोतरातनं बाहेर लोंबली. चारचौघांनी बघितली. पुढल्या चतुर्दशीला म्हातारा नव्हता.

सदुसष्टाव्या वर्षी अण्णाप्पालाच लघवीला अडू लागलं. तपासण्या झाल्या, सुईनं तुकडा काढून झाला आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मे महिन्यात ऑपरेशन झालं. गाठ मुळासकट गेली. डॉक्टर म्हणाले, सुटलात. पुण्याचा मुलगा अनेकांत आठ दिवस राहिला, फळं आणून ठेवली आणि परत गेला. लघवीची नळी काढली त्या दिवशी अण्णाप्पाला एक गोष्ट कळली. जीव शाबूत आहे, पण तोटी आपल्या ताब्यात नाही. खोकला आला, गेली. शिंक आली, गेली. पाटावरनं उठला, गेली. गिरणीत दळणाचा डबा उचलायला वाकला तर पायापर्यंत ओघळ.

बायको अक्काताई राजारामपुरीतल्या मेडिकलमधनं मोठ्या माणसांचे लंगोट आणायची. पेठेत घेतले तर गल्लीभर होईल म्हणून एवढ्या लांबनं, काळ्या पिशवीत. आणून खाटेवर आदळायची.

"घ्या. अनेकांतच्या टायमाला असलं काय मिळत नव्हतं. आता बाळ झालंय मला, सदुसष्ट वर्साचं. मिशा घिऊनच आलंय."

अण्णाप्पा पिशवी खाटेखाली सरकवायचा. त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. चतुर्दशीला किती दिवस राहिले? ज्याचं अंग वाहतंय त्यानं मूर्तीला शिवायचं नाही, हा नियम त्याच्याइतका कडक कुणी पाळलेला नव्हता. चतुर्दशीपर्यंत कोरडा झाला नाही तर कलश चुलतभाऊ बाळासोच्या हातात जाणार. आणि एकदा दुसऱ्या पातीत गेलेला मान परत येत नसतो.

डॉक्टरांनी राजारामपुरीतल्याच एका फिजिओथेरपीवालीकडं पाठवलं. तेजस्वी नाव, वय असेल सत्तावीस. आपल्या लेकीसुनेच्या वयाच्या पोरीपुढं हा विषय, म्हणून अण्णाप्पानं अक्काताईला खोलीबाहेर बसवलं. पोरीला काही वाटत नव्हतं. ती सांगत होती,

"आजोबा, लघवी मधेच थांबवायची झाली तर जे आवळाल ना, तेच आवळायचं. पाच मोजेपर्यंत धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा. दिवसातनं तीनदा. मोजायला हाताशी काहीतरी ठेवा. करणार ना?"

"व्हय."

"पोट आवळायचं नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. फक्त ते."

"व्हय म्हटलं की," अण्णाप्पा भिंतीकडं बघून म्हणाला.

मोजायला हाताशी काय, तर जपाची माळ. इथंच गाडी चुकली. एक-दोन-तीन मोजणं त्याला बिगरीतल्या पोरासारखं वाटलं. मग तो एक अख्खा णमोकार मंत्र मनात म्हणेपर्यंत आवळून धरायचा, मग सोडायचा, मग मणी ओढायचा. दहा मणी झाले. पण हातात घेतलेली माळ दहाव्या मण्यावर खाली ठेवायची? लहानपणी एकदा त्यानं अर्ध्यात माळ सोडली म्हणून वडलांनी कानफटात मारली होती. माळ धरली की एकशे आठ. म्हणजे सकाळी एकशे आठ, दुपारी एकशे आठ, दिवेलागणीला एकशे आठ. पोरीनं दहा सांगितले ते नाजूक माणसांसाठी असतील. आपण गिरणवाले.

घरात टीव्ही, बाहेर गिरणीचा खडखडाट, म्हणून तो बस्तीत जाऊन खांबाला टेकून बसू लागला. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, कपाळावर घाम. बघणाऱ्याला वाटावं, माणूस कुठल्या कुठं पोचलाय.

"काय रं आण्णाप्पा," बाळासोनं एकदा हटकलंच, "आपरेशन मुताच्या वाटंचं झालं का डोस्क्याचं? येवडा धर्म कुटनं आला?"

"मराण बगून आलोय बाळासो. तुला न्हाय कळायचं."

हे वाक्य बस्तीत फिरलं. महिन्याभरात गल्लीतली सुना-नातवंडं त्याच्या पाया पडू लागली. उपाध्ये म्हणाले, आजारानं माणूस खचतो, अण्णा मात्र तापून निघाले. सगळ्यात जास्त बदलली अक्काताई. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, ह्या माणसाबद्दल चांगलं बोलायला तिला कधी काही सापडलं नव्हतं. आता ती बायकांत सांगू लागली, "दिसातनं तीन माळा करत्यात आमचं ह्ये. देवानं कॅन्सर दिला पर मानूस सुदारला." संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत त्याला गरम दूध द्यायची. लंगोट आता आदळत नव्हती, उशाशी ठेवायची. एका रात्री तिनं स्वतःहून त्याच्या पायांना तेल लावलं. अण्णाप्पानं तेही घेतलं.

पण गळती वाढत चालली. दिवसाला तीन लंगोट लागायचे ते सहावर गेले. संध्याकाळी तर पाणी प्यायलं की खालनं हजर. अण्णाप्पानं त्यावर उपाय केला. चौथी माळ चालू केली.

ऑगस्टात परत तेजस्वीकडं जायचं होतं. ह्या वेळी अक्काताई बाहेर बसायला तयार झाली नाही. "मलाबी आयकू दे. धुतोय मीच न्हवं?" कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल बोलताना आलो, गेलो, धुतोय असंच बोलायची.

तेजस्वीनं वही उघडली. "आजोबा, कमी व्हायला पाहिजे होतं एव्हाना. व्यायाम करताय का?"

"करतोय की."

"किती वेळा?"

अण्णाप्पानं अक्काताईकडं बघितलं. मग पोरीकडं. "सांगितलं तसं."

"म्हणजे किती? आकडा सांगा."

"एकशे आठ."

"दिवसाला?"

"एका टायमाला. चार टाइम."

पोरीनं पेन खाली ठेवलं. "चारशे बत्तीस? अहो आजोबा! दहा सांगितले होते मी. स्नायू आहे तो, तुमच्या गिरणीचा पट्टा नाही. दमवून टाकलाय तुम्ही त्याला. दमलेला माणूस रात्री दार कसं धरून ठेवील? आणि एकशे आठ हा आकडा कुठनं काढला?"

उत्तर अक्काताईनं दिलं. शांतपणे, एकेक शब्द सुटा करून.

"माळ हाय त्यास्नी. जपाची."

घरात आल्यावर तिनं खुंटीवरची माळ काढली, पाण्यानं धुतली, पुसली, फडक्यात बांधून देवघरात ठेवली. मग वळली.

"तुमी देवाच्या नावावर मूत मोजत हुता."

"आगं, मंत्र म्हणतच हुतो की मनात. खोटं न्हाय..."

"आन् मी गावभर सांगत सुटलो. पाय चेपलं तुमचं. मला वाटलं, ह्या मानसाला कायतरी दिसलं. काय दिसलं? कलश!" ती हसली. ते हसणं अण्णाप्पानं त्रेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. "बरं झालं. आता माजं आयका. अंग वाहतंय त्यानं कुटं बसायचं?"

अण्णाप्पाला कळलं नाही.

"कुटं बसायचं? तुमीच सांगितल्यालं हाय. लगीन हून ह्या घरात आलो तवापासनं पन्नाशीपत्तोर. दर म्हयन्याला चार दीस मागच्या खोलीत. ताट येगळं, तांब्या येगळा, वाकळ येगळी. पानी वरनं वतायचं. मुरगूडला माजी आई मेली तवा माजा दुसरा दीस हुता. सगळी म्हणत हुती, जाऊ दे तिला आत. तुमी म्हणाला, भाईरची हाय, मड्याला शिवायची न्हाय. जावई हुता, तुमचं कोन मोडणार? आईचं तोंड मी गोट्याच्या खिडकीतनं बगितलं. म्हशीच्या पाटीवरनं."

"तवाची रीत हुती ती."

"रीतच म्हणतोय मी. उटा."

तिनं मागच्या खोलीत वाकळ टाकली. एक जर्मनचं ताट आणि तांब्या दाराशी ठेवला. अण्णाप्पाला वाटलं, बाईचा राग आहे, रात्रीपर्यंत उतरेल. संध्याकाळी तिनं उंबऱ्याबाहेरनंच भाकरी टाकली, हात वर धरून तांब्यात पाणी ओतलं, धार त्याच्या मनगटावर उडाली.

"बायका चवथ्या दिशी न्हाऊन मानसात येत्यात," ती म्हणाली. "तुमचा चवथा दीस कवा उजाडतोय बगू."

त्याला ओरडता आलं असतं. घर त्याचं, गिरण त्याची. पण नियमही त्याचाच होता, त्यातला एक खिळा त्याला काढता येईना. स्वतःची फरशी तो स्वतः पुसू लागला. स्वतःचे लंगोट स्वतः बांधून टाकू लागला. रात्री वाकळेवर पडून तो आणखी एका गोष्टीचा अंदाज घ्यायचा. डॉक्टरांनी आधीच विचारलं होतं, त्या बाबतीत फरक पडेल, चालेल का? ह्यानं मर्दासारखं सांगितलं होतं, ह्या वयात काय करायचंय. आता अंधारात तो तिथं हात नेऊन बघायचा. चिंधीसारखं. कधी उपयोग केला होता असंही नाही अलीकडं, पण आहे म्हणून झोप यायची. एकदा अक्काताई पाणी द्यायला आली आणि तिनं हात बघितला. काही बोलली नाही. तांब्या भरून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

चतुर्दशीला पाच आठवडे राहिले तेव्हा त्यानं उंबऱ्याआतनंच विचारलं.

"जाऊ दे न्हवं मला कलशाला?"

अक्काताई तांदूळ निवडत होती. "वाळला तर जावा. मी आडवत न्हाय. पर एक बोली. तितं एक थेंब जरी गेला तर हातात असंल ते बाळासोच्या हातात द्यायचं आन् भाईर यायचं. मी वरडणार न्हाय. तुमचं तुमी यायचं."

"देवाची आन."

"देवाची नगं. त्येला लई कामाला लावलाय तुमी. माजी घ्या."

त्यानं घेतली.

तिनं दहा चवळीचे दाणे मोजून त्याच्या तळहातावर वरनं सोडले. "दहा. अकरावा दाना घरात हुडकायचा न्हाय." दहा वेळा, दिवसातनं तीनदा, पाच मोजेपर्यंत. पहिले चार दिवस अण्णाप्पाला काहीच केल्यासारखं वाटेना. आठव्या दिवशी सकाळ कोरडी गेली.

दर रविवारी अक्काताई परीक्षा घ्यायची. मधल्या अंगणात वर्तमानपत्र पसरायची, त्यावर ह्यानं जुनं पांढरं धोतर नेसून, आत काही न बांधता, भरलेली तांब्याची घागर छातीशी धरून उभं राहायचं. अभिषेक चाळीस मिनिटं चालतो, म्हणून चाळीस मिनिटं. ती समोर पाटावर बसायची. पहिल्या रविवारी सात मिनिटांत कागद ओला.

"सात," ती म्हणाली. "चौगुल्याच्या म्हाताऱ्यानं पिशवी तरी लावल्याली."

दुसऱ्या रविवारी पंचवीस मिनिटं झाली. ह्याचा चेहरा फुलायला लागला तशी ती उठली, आत गेली आणि तापल्या तव्यावर मूठभर लवंगी मिरची टाकली. ठसका अंगणभर. अण्णाप्पा घागर धरून खोकला, परत खोकला, आणि गेलं.

"ही कुटली रीत गं?"

"बस्तीत उदबत्त्यांचा धूर असतोय. तितं काय इचारून खोकला येतोय?"

पाचव्या रविवारी मिरची झाली. मग तिनं बाळासोची नक्कल केली, तीही इतकी हुबेहूब की अण्णाप्पाला हसू फुटलं. मग मागनं येऊन ताट आदळलं. चाळीस मिनिटं झाली. अक्काताईनं वाकून वर्तमानपत्र उचललं, उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली.

अण्णाप्पाचे डोळे भरून आले. "ताट आत घे की आता माजं."

"चतुर्दशी हुंदे."

चतुर्दशीला सकाळपासनं पेठ हादरत होती. गणपतीच्या मिरवणुकीचे ट्रक, त्यावर भिंतीएवढे स्पीकर लागलेले. बस्तीच्या काचा थरथरत होत्या. आत मात्र गर्दी दाबून बसलेली. डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष. अण्णाप्पा आत काही न बांधता सोवळ्याच्या कोऱ्या धोतरात उभा राहिला. चार महिन्यांनी पहिल्यांदा चारचौघांत दोन मांड्यांच्या मधनं वारा गेला. मागं दुसऱ्या कलशाला बाळासो.

पहिला कलश पाण्याचा. त्यानं तो मूर्तीच्या मस्तकावर असा एकसंध ओतला की उपाध्येंनी मान डोलावली. मग नारळाचं पाणी, उसाचा रस, दूध, दही, हळद, चंदन. एकेक घागर वर जायची, त्याच्या हातनं पुढं सरकायची. उदबत्तीचा धूर आला, खोकला आला, धरला. शिंतोड्यांनी धोतर भिजून अंगाला चिकटलं, पण ते दुधाचं, पाण्याचं. आतनं तो कोरडा होता. स्वतःला विचारून विचारून खात्री करत होता. कोरडा. शेवटची शांतिधारा पडली, घंटा वाजली, आणि अण्णाप्पाला वाटलं, आपण ऑपरेशनातनं आज उठलो.

अभिषेकाचं मूर्तीवरनं ओघळलेलं पाणी म्हणजे गंधोदक. ते चांदीच्या वाटीत घेऊन पहिल्या कलशाच्या माणसानं बायकांच्या बाजूला जायचं, मग बायका बोटं बुडवून डोळ्यांना, कपाळाला लावतात. अण्णाप्पानं वाटी घेतली. मागनं बाळासोनं खुशीत येऊन त्याच्या पाठीत सणसणीत थाप मारली.

"जितलास गड्या!"

आणि गेलं. फार नाही. घोटभर. गरम, आतल्या मांडीवरनं गुडघ्यापर्यंत.

त्यानं खाली बघितलं. भिजलेल्या धोतरात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बाळासोचे दोन्ही हात रिकामे होते, एका हाताच्या अंतरावर. वाटी द्यायची, बाहेर जायचं. शपथ डोक्यात आली. पाठोपाठ दुसरं आलं, की अभिषेक तर झाला. बोली कलशाची होती, वाटीची कुठं होती? आणि घोटभर म्हणजे काय थेंब नव्हे, शिंतोडाच तो. तेवढ्यात पाय चालायला लागले होते.

पहिल्याच रांगेत अक्काताई. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तिनं वाटीकडं बघितलं नाही. त्याच्या तोंडाकडं बघितलं. पाच रविवार तिनं ते तोंड समोर बसून वाचलेलं होतं.

"कोरडं?" ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"कोरडं," अण्णाप्पा म्हणाला.

"मग आदी तुमच्या डोळ्यास्नी लावा."

आजूबाजूच्या बायका कौतुकानं बघत होत्या. नवरा-बायकोचं काहीतरी चाललंय. अण्णाप्पानं वाटीत दोन बोटं बुडवली. हात क्षणभर तिथंच राहिला. मग त्यानं ती बोटं उजव्या डोळ्याला लावली, डाव्या डोळ्याला लावली, कपाळाला लावली.

अक्काताईनं आपला हात पदराखाली घेतला आणि मागं सरकली. "तू घे गं," मागच्या एका सुनेला म्हणाली, "मी नंतर घेतो."

सून वाकली. तिच्यामागं दुसरी, तिसरी, पोरी, म्हाताऱ्या. कुणी त्याच्या पायाला हात लावून तो हात कपाळाला नेत होतं. चाळीसएक बायका झाल्या, वाटीचा तळ दिसला. अण्णाप्पानं मान वर केली तर अक्काताई दाराबाहेर जाऊन चपला घालत होती. तिनं काही घेतलं नव्हतं. ओरडलीही नाही.

त्याच दारातनं एक जाडजूड पाहुणा घाईघाईनं आत आला. मिरवणुकीच्या गर्दीत अडकला असावा, पँटमध्ये शर्ट खोचलेला, कमरेला रुंद पट्टा. बाळासो त्याला पुढं घेत होता.

"ओ पावणं!" अण्णाप्पाचा आवाज गेल्या वर्षीसारखाच अख्ख्या बस्तीत घुमला. तो वाटी छातीशी धरून दाराकडं निघाला, धोतर मांड्यांना चिकटलेलं. "पट्टा चामड्याचा हाय न्हवं? चालत न्हाय हितं. भाईर जाऊन काडून या आदी."